मालक आधी पाहा, ताळेबंद नंतर: कंपनीचा उघडपणा तपासण्याची पद्धत

मोठ्या लिस्टेड कंपनीचा वार्षिक अहवाल सहज तीनशे पानांचा असतो. पहिल्या पानापासून वाचायला घेणारा माणूस अध्यक्षांचं पत्र, कारखान्याचे फोटो आणि झाडं लावल्याचे आकडे यांतच दमतो. जे पाहायला हवं ते मागे, ताळेबंदाच्या टिपांमध्ये, बारीक अक्षरात असतं. पण टिपा पन्नास-साठ; त्यातली कोणती उघडायची?

ते आधी शेअरहोल्डिंग पॅटर्न, म्हणजे कोणाकडे किती शेअर आहेत याचा तक्ता, पाहून ठरवायचं. कंपनी कोणाच्या हातात आहे हे कळलं, की तिला कोणती गोष्ट उघड बोलणं जड जाईल याचा अंदाज येतो. घराण्याच्या कंपनीत पैसा घरच्याच दुसऱ्या कंपनीकडे वळतो का ते बघायचं. परदेशी कंपनीच्या उपकंपनीत रॉयल्टी बघायची, सरकारी कंपनीत संचालक मंडळ, आणि प्रमोटरच, म्हणजे कंपनीवर ताबा असलेला मुख्य मालकच, नसलेल्या कंपनीत वरच्या साहेबांचे पगार. कायदा सगळ्या लिस्टेड कंपन्यांना एकच आहे, पण झाकपाकीची जागा मालकीप्रमाणे बदलते.

पहिल्यांदा करताना एका कंपनीला एक अख्खी संध्याकाळ लागेल. सवय झाली की दीड तास पुरतो.

कागद कुठून काढायचे

बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीचं पान उघडा आणि एवढं उतरवून घ्या: मागच्या आठ तिमाहींचे शेअरहोल्डिंग पॅटर्न, दोन वर्षांचे वार्षिक अहवाल, संबंधित पक्षांशी (प्रमोटर, संचालक, त्यांचे नातेवाईक आणि त्यांच्या कंपन्या) झालेल्या व्यवहारांची सहामाही विवरणं आणि तीन वर्षांतल्या सभांचे मतदानाचे निकाल. सगळं फुकट आहे. शेअरची माहिती देणारी अ‍ॅप्स वापरायला सोपी असतात, पण तिथे बहुधा 'प्रमोटर ५२, पब्लिक ४८' एवढी गोळाबेरीज मिळते. आपल्याला हवी असतात नावं, आणि ती मूळ फाइलमध्येच नीट मिळतात.

शेअरहोल्डिंग पॅटर्न तिमाही संपल्यापासून २१ दिवसांत द्यावा लागतो. म्हणजे जूनअखेरचं चित्र २१ जुलैपर्यंत दिसतं, आणि ते फक्त ३० जूनचं असतं. मधल्या काळात कोणी मोठी खरेदी-विक्री केली का, हे दोन वेगळ्या खुलाशांत सापडतं. टेकओव्हर नियमांनुसार ५ टक्क्यांची मर्यादा गाठणाऱ्याला, आणि त्यानंतर २ टक्क्यांहून जास्त बदल झाला की पुन्हा, दोन कामकाजाच्या दिवसांत कळवावं लागतं. इनसायडर ट्रेडिंगच्या नियमांनुसार प्रमोटर, संचालक किंवा संबंधित कर्मचाऱ्याचे एका तिमाहीतले सौदे १० लाख रुपयांच्या वर गेले की तेही बाहेर येतात. फक्त तिमाहीचे तक्ते पाहणाऱ्याला तिमाहीच्या मध्ये तारण ठेवून अखेरीला सोडवलेले शेअर दिसतच नाहीत.

तक्ता वाचताना

पहिला तक्ता गोषवारा असतो, दुसऱ्यात प्रमोटर आणि प्रमोटर गट, तिसऱ्यात पब्लिक, चौथ्यात 'ना प्रमोटर ना पब्लिक', म्हणजे कर्मचारी ट्रस्ट आणि डिपॉझिटरी रिसीटखालचे शेअर. थेट दुसऱ्यावर जा.

प्रमोटर गटाची व्याख्या रुंद आहे. नवरा-बायको, आई-वडील, भावंडं, मुलं, जोडीदाराचे आई-वडील, भावंडं, शिवाय प्रमोटरचा २० टक्के किंवा जास्त वाटा असलेल्या कंपन्या, हे सगळे त्यात येतात. ज्यांच्याकडे शून्य शेअर आहेत त्यांचीही नावं आता द्यावी लागतात. ही शून्यवाली नावं ओलांडून पुढे जायचा मोह होतो, पण यादीतली सगळ्यात कामाची नावं तीच. तिथे दिसणारी ट्रेडिंग कंपनी, एलएलपी किंवा जागा भाड्याने देणारी संस्था पुढे संबंधित पक्षांच्या टिपेत पुन्हा भेटते. नावं जशीच्या तशी एक्सेलमध्ये उतरवा, स्पेलिंग बदलू नका, कारण पुढे शोधताना तेच लागणार आहे.

मग तारणाचा, म्हणजे कर्जापोटी गहाण ठेवलेल्या शेअरचा, रकाना. इथे लोक टक्केवारीत हमखास फसतात. समजा कंपनीचे एकूण १० कोटी शेअर आहेत, प्रमोटरांकडे ४.८ कोटी आणि त्यातले २.८८ कोटी तारण आहेत. तारण ६० टक्के म्हणायचं की २८.८ टक्के? दोन्ही बरोबर. पहिला आकडा प्रमोटरांच्या वाट्याचा, दुसरा पूर्ण कंपनीचा. तक्त्यात पहिला छापलेला असतो आणि बातमीत कधी हा, कधी तो. दोन्ही लिहून ठेवा, कारण नियमही दोन्हीकडे बघतो. प्रमोटरांच्या धारणेच्या ५० टक्के किंवा एकूण भांडवलाच्या २० टक्के एवढं तारण झालं की ते कशासाठी ठेवलं, याचं कारण वेगळ्या खुलाशात द्यावं लागतं. आमच्या उदाहरणात दोन्ही मर्यादा ओलांडल्यात. तो खुलासा सापडला नाही, किंवा त्यात 'व्यवसायाची गरज' एवढंच असेल, तर खूण करा. 'नॉन-डिस्पोजल अंडरटेकिंग' म्हणजे शेअर न विकण्याचा करार, तोही बोजाच. तारण शून्य आहे म्हणून खूश होण्याआधी तेवढं पाहून घ्या.

तारणाला एवढं महत्त्व का, हे सत्यम या आयटी कंपनीकडे पाहिलं की कळतं. डिसेंबर २००८ मध्ये सत्यमच्या संचालक मंडळाने प्रमोटरांच्या कुटुंबाशी संबंधित दोन मेटास कंपन्या विकत घ्यायला मंजुरी दिली आणि गुंतवणूकदारांचा संताप पाहून काही तासांतच ती मागे घेतली. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कबूल केलं, की पुस्तकातली ५,०४० कोटींची रोकड आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नाही. तोवर प्रमोटरांचा वाटा १० टक्क्यांच्या आत आला होता आणि शेअर सावकारांकडे तारण होते. वाटा कमी, म्हणून कंपनी दुसऱ्याच्या ताब्यात जाण्याची भीती. शेअर तारण, म्हणून भाव टिकवण्याची निकड. आकडे फुगवायला यापेक्षा मोठं कारण लागत नाही. पण भागधारकांना तारणाबद्दल वेळेवर कळण्याची सोय तेव्हा नव्हती. शेअर बाजाराची नियामक सेबी हिने प्रमोटरांच्या तारणाचा खुलासा सक्तीचा केला तो त्याच जानेवारीत.

तिसऱ्या तक्त्यात १ टक्का किंवा जास्त शेअर असलेल्यांची नावं असतात. म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, परदेशी फंड ही नावं ओळखीची. थांबायचं ते 'बॉडीज कॉर्पोरेट' या ओळीवर. कोणी ऐकलेलं नाही अशी खासगी कंपनी तिथे ३-४ टक्के धरून बसली असेल, तर तिची नोंदणी कधीची, पत्ता कुठला, संचालक कोण हे कंपनी मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर पाहा. पत्ता प्रमोटर गटातल्या एखाद्या संस्थेशी जुळला तर ती 'पब्लिक' नावालाच. हीच तपासणी जुन्या प्रमोटरांचीही करा. १० टक्क्यांपेक्षा जास्त मतं नसतील तर ठरलेल्या अटींवर प्रमोटरला पब्लिकमध्ये वर्ग करता येतं. वेगळे झालेले भाऊ किंवा मेहुणे त्या वाटेने जातात, आणि पुढच्या अहवालात त्यांच्या कंपन्यांशी झालेले व्यवहार टिपेतून गायब झालेले दिसू शकतात.

साखळीचा हिशेब

प्रमोटरच्या जागी माणसाचं नाव नसून होल्डिंग कंपनीचं असेल तर वर चढत जावं लागतं. टीसीएसच्या तक्त्यात टाटा सन्स दिसते. टाटा सन्स स्वतः शेअर बाजारात नाही, तिचे सुमारे ६६ टक्के शेअर टाटा ट्रस्टांकडे आहेत, आणि हे समजायला टीसीएसच्या बाहेरची कागदपत्रं लागतात. इथे निदान नावं जगाला ठाऊक आहेत. लहान कंपनीत वर चार पायऱ्या असतात आणि चौथ्या पायरीवर परदेशातला ट्रस्ट निघतो.

साखळी सापडली की दोन आकडे काढा: हुकूम किती आणि हिस्सा किती. समजा घराण्याकडे 'क' या खासगी कंपनीचे ६० टक्के आहेत, 'क'कडे 'ख'चे ५१ टक्के, आणि 'ख'कडे लिस्टेड कंपनी 'ग'चे ४० टक्के. 'ग'च्या सभेत घराणं ४० टक्के मतं फिरवतं. पण 'ग'च्या नफ्यात त्यांचा खरा हिस्सा ०.६० × ०.५१ × ०.४० म्हणजे १२.२४ टक्के. आता घराण्याच्याच पूर्ण मालकीच्या फर्मने 'ग'ला माल विकताना १०० रुपये जादा लावले. 'ग'मधल्या हिश्श्यापोटी त्यांचे सुमारे १२ रुपये गेले, फर्ममधून १०० आले. निव्वळ ८८ रुपये खिशात. याच घराण्याकडे 'ग'चे ७० टक्के थेट असते तर त्याच लबाडीतून ३० रुपयेच सुटले असते. हुकूम आणि हिस्सा यांच्यातली दरी जेवढी मोठी, तेवढा गप्प राहण्यात फायदा जास्त. दरी दिसली म्हणजे चोरी झाली असं मुळीच नाही. पण दरी २० टक्क्यांच्या वर गेली की आम्ही संबंधित पक्षांची टीप ओळ न् ओळ वाचतो.

साखळीच्या टोकाचा माणूस शोधायला कायद्याने एक दार दिलंय. कंपनी कायद्याच्या कलम ९० खाली, अप्रत्यक्षपणे १० टक्के किंवा अधिक लाभ किंवा मताधिकार असणारी व्यक्ती 'लक्षणीय लाभार्थी मालक' ठरते. तिने कंपनीला कळवायचं आणि कंपनीने बेन-२ अर्ज भरायचा. शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्येही यासाठी वेगळा तक्ता असतो. होल्डिंग कंपनीमार्फत चालणाऱ्या घराण्याच्या कंपनीत तो कोरा दिसला तर कंपनी सचिवांना ईमेल करून कारण विचारा. परदेशी फंडांच्या बाबतीत मात्र वाट इथेच संपते. २०२३ मध्ये सेबीने, एकाच उद्योगसमूहात ५० टक्क्यांहून जास्त गुंतवणूक असलेल्या परदेशी फंडांना मालकीचा शेवटपर्यंतचा तपशील द्यायला लावलं. पण तो तपशील यंत्रणेकडे जातो, सामान्य वाचकाला दिसत नाही.

कोणत्या मालकाची कोणती टीप

घराण्याच्या कंपनीसाठी संबंधित पक्षांची टीप, कर्ज आणि हमी यांच्या टिपा, आणि ऑडिटरच्या अहवालाला जोडलेलं कॅरो परिशिष्ट, म्हणजे सरकारने ठरवून दिलेल्या मुद्द्यांवर ऑडिटरने दिलेली उत्तरं. यावर पुढे सविस्तर.

बहुराष्ट्रीय कंपनीच्या भारतीय उपकंपनीत हिशेब सहसा नीटनेटके असतात. प्रश्न पालक कंपनीला जाणाऱ्या पैशाचा असतो. रॉयल्टी, तांत्रिक सेवा शुल्क, समूहातूनच घेतलेला कच्चा माल हे तीन आकडे पाच वर्षांचे काढा आणि विक्रीशी टक्केवारी लावा. नेस्ले इंडियाचं उदाहरण अभ्यासावं असं आहे. कंपनीने रॉयल्टी विक्रीच्या ४.५ टक्क्यांवरून पाच वर्षांत दरवर्षी ०.१५ ने वाढवत ५.२५ टक्क्यांवर नेण्याचा ठराव मांडला. प्रमोटरांकडे ६२ टक्क्यांहून जास्त शेअर, तरी मे २०२४ मध्ये ठराव पडला, कारण अशा ठरावाच्या बाजूने संबंधित पक्षाला मत देता येत नाही. उरलेल्यांच्या मतांपैकी सुमारे ५७ टक्के विरोधात गेली. हा नियम नसता तर ती वाढ निमूटपणे लागू झाली असती.

सरकारी कंपनीत भागधारकाच्या रकान्यात 'भारताचे राष्ट्रपती' असं दिसतं. ऑडिटर नेमतात ते कॅग, आणि कलम १४३(६) खालचे कॅगचे शेरे वार्षिक अहवालाला जोडलेले असतात. ते आधी वाचा. दोन पानांत काम होतं. माहिती अधिकारही इथे चालतो, खासगी कंपनीत ती सोय नाही. कच्चा दुवा संचालक मंडळाचा. स्वतंत्र संचालकांच्या जागा रिकाम्या राहतात, शेअर बाजार दंड लावतो आणि कंपनी उत्तर देते की नेमणूक मंत्रालयाच्या हातात आहे. ऑडिट समितीच अपुरी असेल तर संबंधित व्यवहारांना मंजुरी कोण देत होतं, हे कॉर्पोरेट गव्हर्नन्स अहवालातल्या तारखा जुळवून पाहा. एलआयसीसारख्या ठिकाणी, जिथे २०२२ मध्ये शेअर बाजारात आल्यावरही ९६.५ टक्के सरकारकडेच राहिले, तिथे बाहेरच्या भागधारकाच्या मताला वजन किती, हे सांगायला नको.

एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक, लार्सन अँड टुब्रो, आयटीसी यांच्या तक्त्यात प्रमोटरची ओळ शून्य असते. शून्य प्रमोटर म्हणजे विखुरलेली मालकी, असं गृहीत धरू नका. आयटीसीत ब्रिटिश अमेरिकन टोबॅको समूहाकडे एक पंचमांशाहून जास्त शेअर आहेत आणि ते दिसतात पब्लिकमध्ये. एप्रिल २०२३ पासून १० टक्के किंवा अधिक शेअर असणारा कोणीही संबंधित पक्ष मानला जातो, आणि या समूहाला कच्ची तंबाखू विकायला आयटीसीला भागधारकांची मंजुरी घ्यावी लागली आहे. बाकी अशा कंपन्यांत पगार आणि ईसॉप (कर्मचाऱ्यांना ठरलेल्या भावाने मिळणारे शेअर) तपासा. संचालकाचा पगार सरासरी, खरं तर मध्यक (पगारांच्या यादीत मधोमध येणाऱ्या), कर्मचाऱ्याच्या किती पट आहे हे कलम १९७(१२) खाली संचालकांच्या अहवालाच्या परिशिष्टात द्यावं लागतं. कंपन्या ते परिशिष्ट बऱ्याचदा 'मागणी केल्यास पाठवू' असं म्हणून छापत नाहीत. गुणोत्तराचा तक्ता मात्र छापावाच लागतो. झाकायची मुभा कर्मचाऱ्यांच्या नावनिशी यादीपुरतीच.

संबंधित पक्षांची टीप: एक ओळ जवळून

एकत्रित ताळेबंदाची टीप वाचून थांबू नका. एकत्रित हिशेबात समूहातल्या समूहातले व्यवहार एकमेकांत वळते होतात, म्हणून उपकंपनीला दिलेलं कर्ज तिथे दिसत नाही. स्टँडअलोन, म्हणजे फक्त त्या एका कंपनीच्या, ताळेबंदाची टीप उघडा. तिथे अशी ओळ मिळेल: प्रमोटर गटातल्या कंपनीला दिलेलं अल्प मुदतीचं कर्ज, वर्षअखेरची बाकी ५ कोटी. किरकोळ वाटतं. आता त्याच तक्त्यात वर्षभरातले व्यवहार पाहा. सुरुवातीची बाकी ४० कोटी, वर्षात दिले ३१० कोटी, परत आले ३४५ कोटी. ४० अधिक ३१० वजा ३४५, बरोबर ५. म्हणजे ३१ मार्चचा फोटो काढण्यापुरते पैसे परत आले. एप्रिलमध्ये पुन्हा गेले का, हे पहिल्या सहामाहीच्या विवरणात कळेल. ते सप्टेंबरच्या तिमाहीच्या निकालांबरोबरच जाहीर होतं.

पुढे व्याजाची ओळ. ४ कोटी व्याज मिळालं असेल आणि वर्षभरात सरासरी १२० कोटी बाहेर होते असं धरलं, तर दर पडतो ३.३ टक्के. कंपनी स्वतः बँकेला ९ टक्के देते हे तिच्याच कर्जाच्या टिपेत लिहिलेलं असतं. फरकाचे जवळपास ७ कोटी बाकीच्या भागधारकांनी सोसले. सरासरी बाकी अंदाजाने धरण्याऐवजी वर्षातली कमाल बाकी शोधा. उपकंपन्या, सहयोगी कंपन्या आणि संचालकांचे हितसंबंध असलेल्या संस्थांना दिलेल्या कर्जांची कमाल बाकी वार्षिक अहवालात द्यावी लागते. ती बहुतेक वेळा टिपेत नसून वेगळ्या कोपऱ्यात असते. पीडीएफमध्ये 'मॅक्झिमम' शब्द शोधा.

येणीही अशीच. संबंधित कंपनीला विक्री १२० कोटी आणि तिच्याकडून येणं ९५ कोटी, म्हणजे २८९ दिवसांची उधारी. पूर्ण कंपनीची सरासरी ६४ दिवस असेल तर ही विक्री आहे की बिनव्याजी कर्ज, हा प्रश्न पडायलाच हवा. २०२१-२२ पासून येण्यांचं वय टिपेत द्यावं लागतं: सहा महिन्यांच्या आत, सहा महिने ते वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांवर. दोन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवा. गेल्या वर्षी 'एक ते दोन'मध्ये असलेली रक्कम यंदा 'दोन ते तीन'मध्ये सरकायला हवी. ती तिथेही नाही आणि वसुलीही दिसत नसेल, तर जुनं येणं नव्या बिलाने फिरवलं असण्याची शक्यता आहे. कर्जाच्या बाबतीत हीच फिरवाफिरव तपासायला कॅरो परिशिष्टाचं तिसरं कलम वाचा. थकलेलं कर्ज मुदतवाढ देऊन किंवा नवं कर्ज देऊन फिरवलं का, हे ऑडिटरला तिथे स्पष्ट लिहावं लागतं.

उपकंपन्यांसाठी एओसी-१ हा तक्ता अहवालात असतो: प्रत्येकीचं भांडवल, उलाढाल, नफा. तिथे परदेशातली एखादी उपकंपनी मोठी मालमत्ता पण नगण्य उलाढाल दाखवत असेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावर जा. लिस्टेड कंपनीने प्रत्येक उपकंपनीचे स्वतंत्र हिशेब वार्षिक सभेच्या २१ दिवस आधी तिथे टाकायचे असतात. हे पान फार कमी लोक उघडतात, आणि दुवे तुटलेले, गेल्या वर्षीच्याच फाइली ठेवलेल्या, असं सर्रास दिसतं. तुटलेला दुवा हाही उघडपणा कमी असल्याचा पुरावाच म्हणून नोंदवा.

मतदानाचे निकाल

सभेनंतर दोन कामकाजाच्या दिवसांत निकाल लागतो आणि तो तीन गटांत विभागलेला असतो: प्रमोटर, पब्लिकमधल्या संस्था, पब्लिकमधले इतर. 'ठराव ८८ टक्के मतांनी मंजूर' या ओळीवर विसंबू नका. प्रमोटरांची मतं बाजूला काढली की संस्थांपैकी ७० टक्के विरोधात होत्या असं निघू शकतं. ऑडिटरची फेरनेमणूक, प्रमोटरच्या मुलाचा पगार, स्वतंत्र संचालकाची दुसरी मुदत, या तीन ठरावांचे गटवार आकडे तीन वर्षांचे लिहा. फंडांच्या विश्लेषकांनी जे वाचून विरोध केला ते तुम्हाला कोणी सांगणार नाही, पण विरोध कुठे झाला हे कळलं की कुठली नोटीस वाचायची हेही कळतं. संबंधित व्यवहारांच्या मंजुरीची मर्यादा सेबी अधूनमधून बदलते, त्यामुळे जुन्या लेखातला आकडा धरून बसू नका. नोटिशीच्या स्पष्टीकरणात त्या वेळची मर्यादा लिहिलेली असते.

तारखांचा एक छोटा तक्ताही करा. तिमाही निकालांना ४५ दिवस आणि वार्षिक निकालांना ६० दिवस मिळतात. दरवर्षी विसाव्या दिवशी निकाल देणारी कंपनी अचानक एकोणसाठाव्या दिवशी, रात्री उशिरा देऊ लागली, तर त्या तिमाहीत काहीतरी अडलं होतं. त्याच्याच जवळपास ऑडिटर किंवा अर्थविभागाच्या प्रमुखाने राजीनामा दिला असेल तर राजीनाम्याचं पत्र शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर मिळतं. ते मुळातून वाचा. 'वैयक्तिक कारण' आणि 'मागितलेली माहिती मिळाली नाही' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ऑडिट फर्म पाच-पाच वर्षांच्या दोन मुदतींनंतर बदलावीच लागते, म्हणून दहाव्या वर्षाचा बदल नेहमीचा. तिसऱ्या वर्षाचा नाही.

कंपनी लिस्टेड नसेल तर

एमसीए पोर्टलवर मास्टर डेटा आणि बोज्यांची यादी फुकट दिसते. बाकी कागदपत्रं पाहायला कंपनीमागे १०० रुपये भरावे लागतात. पैसे भरले की पाहण्याची मुदत मोजकी असते, म्हणून आधी यादी ठरवून बसा: एमजीटी-७ मध्ये भागधारकांची यादी, एओसी-४ मध्ये हिशेब, पीएएस-३ मध्ये नवे शेअर कोणाला, कोणत्या भावाने दिले ते. सगळं उतरवून घ्या, वाचन नंतर. हिशेब सभेनंतर ३० दिवसांत आणि एमजीटी-७ ६० दिवसांत भरायचं असतं. पुरवठादार म्हणून कोणाला उधारी देत असाल आणि त्या कंपनीने दोन वर्षं काहीच भरलेलं नसेल, तर उधारीचा निर्णय तिथेच झाला. लहान कंपनीच्या व्याख्येत बसणाऱ्यांना रोख प्रवाहाचं विवरण माफ असतं, त्यामुळे ते नाही म्हणून संशय घेऊ नका.

आपल्याकडचे सहकारी साखर कारखाने या दोन्ही व्यवस्थांच्या बाहेर आहेत. ना शेअर बाजार, ना एमसीए. तिथे मालक म्हणजे सभासद, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ खाली सभासदाला शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभासदांची नोंदवही आणि सभांची इतिवृत्तं कार्यालयात जाऊन विनामूल्य पाहता येतात. तोंडी मागणी टोलवली जाते. दोन प्रतींत लेखी अर्ज द्या आणि एकीवर आवक क्रमांकासह पोच घ्या.

भागधारक असाल तर पुढचं पाऊल

एक शेअर असला तरी पुरे. कलम १८९ खाली, ज्या करारांत संचालकांचे हितसंबंध आहेत त्यांची नोंदवही नोंदणीकृत कार्यालयात ठेवावी लागते. भागधारक ती कामकाजाच्या वेळेत पाहू शकतो, आणि वार्षिक सभेच्या सुरुवातीला ती हजर ठेवावी लागते. कलम ९४ खाली सभासदांच्या नोंदवहीची प्रत शुल्क भरून मागता येते. कंपनीने ती सात दिवसांत द्यायची.

ऑनलाइन सभेत बोलायचं असेल तर नोटिशीत दिलेल्या तारखेच्या आत वक्ता म्हणून नोंदणी करा, आणि प्रश्न आधीच ईमेलने कंपनी सचिवांकडे पाठवा. 'संबंधित व्यवहारांबद्दल माहिती द्या' असं विचारलंत तर 'सर्व व्यवहार बाजारभावाने व नियमानुसार' असं छापील उत्तर येईल. प्रश्नात टीप क्रमांक, पान आणि आकडा घाला: 'स्टँडअलोन ताळेबंदाच्या अमुक टिपेत प्रमोटर गटातल्या कंपनीला वर्षात ३१० कोटी दिले आणि ३४५ कोटी परत आले असं दिसतं. कमाल बाकी किती होती, व्याजदर कोणता, आणि ऑडिट समितीने मंजुरी कोणत्या तारखेच्या बैठकीत दिली?' तीनपैकी एखादं उत्तर टाळलं गेलं तर कोणतं टाळलं तेही त्याच एक्सेलमध्ये, तारखेसह लिहा.